चार काट्यांचा कौल

सर वर्गात कधी आले, हे आम्हांला कधीच कळायचं नाही. बूट ते दाराबाहेर काढून ठेवायचे आणि नुसत्या मोज्यांवर आत यायचे. हॉलला काळे पडदे होते आणि ते भर दुपारीही ओढलेले असायचे. आपण समोर बघत बसावं आणि आवाज मानेमागून यावा, "नाडी धरायच्या आधी पेशंटच्या तोंडाकडे बघ. नाडी कुठे पळून जात नाही." पहिल्या दिवशी एक मुलगी दचकून ओरडली होती. सरांनी तिची मनापासून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज्यांवरच आले.

ते आम्हांला मेडिसिन शिकवायचे. ठाण्याला खाडीच्या अंगाला आमचं कॉलेज होतं, शेजारीच हॉस्पिटल. मेडिसिनचा हॉल तळमजल्यावर. भरतीच्या वेळी तिथे खारट, ओला वास यायचा आणि खिडक्यांच्या गजांवरचा गंज बोट लावलं तरी सोलून यायचा. त्या हॉलमध्ये सरांनी स्वतःच्या हातांनी ते यंत्र बसवलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा कॉलेजात मुलं खुर्चीवर बसल्या बसल्या बटण दाबून उत्तर देतात, असं त्यांनी वाचलं होतं. मग उल्हासनगरच्या भंगारवाल्यांकडून त्यांनी टेलिफोनचे जुने, काळे रिसीव्हर आणले. प्रत्येक रिसीव्हरच्या पाठीवर चार बटणं बसवली. प्रत्येक खुर्चीच्या हाताला एक रिसीव्हर टांगलेला, त्याची वायर फरशीखालून समोरच्या भिंतीपर्यंत. भिंतीवर लाकडी फळी आणि तिच्यावर चार गोल तबकड्या, प्रत्येकीत एक काटा. सर प्रश्न विचारायचे, चार उत्तरं सांगायचे, आपण अंधारात अंगठ्याने चाचपून एक बटण दाबायचं. ज्या उत्तराला जास्त हात, त्याचा काटा जास्त वर. तबकड्यांच्या मागे पिवळे दिवे होते, हॉलमध्ये उजेड तेवढाच.

पडदे का, असं कोणीतरी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "शेजारच्याचा अंगठा दिसला की आपला अंगठा बदलतो. आणि हात खोटं बोलत नाही. तोंड बोलतं."

मला ते यंत्र फार आवडायचं, हे आधी सांगते. मी डोंबिवलीची, मराठी शाळेतून आलेली. पुढच्या दोन रांगांतली मुलं फाडफाड इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि बाकीचे आम्ही वहीत डोकं घालून बसायचो. उत्तर माहीत असायचं, पण उभं राहिलं की शब्द घशात अडकायचे. सरांच्या तासाला उभं राहायचं नव्हतं. तीन नंबर दाबलं आणि तीनचा काटा वर गेला, की त्यातली केसभर उंची माझी आहे असं वाटायचं. मेडिसिनचं पुस्तक मी त्या केसभर उंचीसाठी वाचायला लागले. मागच्या रांगांतले सगळेच वाचायला लागले. सरांचा तास कोणी बुडवत नसे, शनिवारचासुद्धा नाही.

माझ्या शेजारी मोरेश्वर बसायचा. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, वडील अजून होडी घेऊन जायचे. पहिल्याच आठवड्यात तो मला म्हणाला, "अगं, हे काय नवीन नाय. आमच्याकडं देवीला कौल लावतात ना, तसंच हे. फक्त फुलाच्या जागी काटा." तेव्हापासून आमच्या बॅचमध्ये सरांच्या तासाला सगळे 'कौल' म्हणायला लागले. "आज कौल किती वाजता?" सरांच्या कानावर ते गेलं असणार.

स्वतः सर मात्र साधी गोष्टसुद्धा ठरवू शकत नसत. वॉर्डात त्यांच्यासारखं निदान करणारा दुसरा नव्हता; पण निदान झाल्यावर, आता काय करायचं, असं विचारलं की ते अडायचे. मग शेजारच्या हाऊसमनला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, विचारायचे, सिस्टरना विचारायचे, कधी पेशंटच्या नातेवाइकाला. भाजीवाल्यासमोर दोडका आणि पडवळ दोन हातांत घेऊन उभे असलेले सर मी स्वतः पाहिलेत. शेवटी भाजीवाल्यानेच दोडका पिशवीत टाकला. एकदा तासाच्या सुरुवातीलाच त्यांनी प्रश्न टाकला, "आज मी छत्री आणायला हवी होती का? एक, हो. दोन, नाही." आम्ही हसत हसत बटणं दाबली. दोनचा काटा वर गेला. त्या दिवशी पाऊस पडला नाही. तेव्हा आम्हांला ती गंमतच वाटली.

पहिल्यांदा काहीतरी विचित्र वाटलं ते एका तापाच्या केसला. शहाडच्या गिरणीतला एक तरुण कामगार महिनाभर तापाने आजारी होता. वजन उतरलेलं, रक्त कमी झालेलं, सगळ्या तपासण्या गोंधळाच्या. सरांनी चार शक्यता मांडल्या. तिसरी होती हृदयाच्या झडपेला झालेला जंतुसंसर्ग. आमच्या मते ती नुसती चारचा आकडा भरायला घातलेली होती. आम्ही बटणं दाबली आणि तीनचा काटा सरळ वर गेला, बाकीचे जागचे हलले नाहीत. आठवड्याने रक्ताचा रिपोर्ट आला. तीनच होतं.

कँटीनमध्ये मोरेश्वरने सहज विचारलं, "तीन कुणी दाबलं होतं रे?" आमच्या टेबलावर कोणीच नाही. शेजारच्या टेबलावरही नाही. पुढच्या रांगेतल्या हुशार मुलांनी टायफॉइड म्हणून एक दाबलं होतं. मीही एकच दाबलं होतं.

"सर पायाने खटका दाबत असतील," एक जण म्हणाला.

"सर माझ्या मागे उभे होते," मी म्हटलं. "त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता मला."

चहा निवाला.

त्यानंतर मी एकदा तो रिसीव्हर कानाला लावून पाहिला. शंख कानाला लावल्यावर येतो तसा आवाज येत होता. तसा कुठल्याही पोकळ वस्तूतून येतोच. मी तो पटकन हुकाला अडकवला.

पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते. हृदय थकलेलं, पायांना सूज. पण उपचाराने सुधारलेले. शनिवारी घरी जाणार होते. आम्हां मुलांना ते पाढे विचारायचे, चुकलं की हसायचे. सरांनी त्यांची केस वर्गात घेतली, सगळी औषधं समजावून सांगितली आणि शेवटी, अगदी सहज, म्हणाले, "मास्तर शनिवारी घरी जातील ना? एक, हो. दोन, नाही."

हे कसलं विचारणं? सगळ्यांनी एकच दाबलं असणार. मी तर दाबलंच. दोनचा काटा सावकाश वर गेला. थांबला. पुन्हा थोडा वर गेला आणि तबकडीच्या कडेला जाऊन टेकला.

कोणी हसलं नाही. सर पायरीवर बसले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता चष्म्यात पिवळा उजेड. "आज एवढंच," ते म्हणाले.

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता गेले. कप हातातच होता, सांडलासुद्धा नव्हता, असं सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवसापासून मोरेश्वर रिसीव्हर हातात घ्यायचा, पण बटण दाबायचा नाही. मी विचारलं तर म्हणाला, "आमची आय सांगते, कौल रोज रोज लावायचा नसतो. देवाला सवय लागते." सरांनीही तसला प्रश्न पुन्हा विचारला नाही. रोगांचे विचारायचे, औषधांचे विचारायचे. काटे वर जात, खाली येत. उत्तर नेहमी बरोबर.

फायनलच्या वर्षी सर तापाने आठवडाभर आले नाहीत, म्हणून एका रविवारी मी आणि मोरेश्वर त्यांच्या घरी गेलो. सर शहाडला राहायचे, उल्हास नदीच्या बाजूला, एका बैठ्या घरात. लग्न केलेलं नव्हतं. घरात त्यांची मोठी बहीण होती. सर तिला ताई म्हणायचे, म्हणून आम्हीही ताईच म्हटलं. साठीच्या पुढची, सडसडीत, हातात सतत काही ना काही काम. आम्हांला तिने थालीपीठ आणि लोण्याचा गोळा दिला आणि सरांची पुस्तकांनी भरलेली खुर्ची रिकामी करायला लावली.

"वर्गात तरी ठरवतो का हा काही?" तिने विचारलं. "घरी तर आंघोळीला आधी जाऊ की चहा आधी घेऊ, हेसुद्धा मला विचारतो. आमचे वडील, दादा, आजारी पडले तेव्हा हा नुकता डॉक्टर झालेला. मुंबईला न्यायचं नाही, इथेच बरे करू, असं एकट्याने ठरवलं. दादा गेले. मुंबईला नेलं असतं तरी गेले असते, असं सगळे डॉक्टर म्हणाले. पण ह्याने ते मनाला लावून घेतलं."

सर बाहेर पडवीत शाल पांघरून बसले होते. मी ताटं उचलायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा ताईने माझा हात धरला.

"तू डॉक्टर होणार ना? मग हे बघ. पोटात कुणीतरी टकटक करतं माझ्या. दुखत नाही, खुपत नाही. नुसतं टकटक." तिने माझा तळवा स्वतःच्या पोटावर, बेंबीच्या वर ठेवला.

माझ्या हाताखाली काहीतरी मोठं उडत होतं. हृदयाच्या तालावर, प्रत्येक ठोक्याला हात वर ढकलत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं मी. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगते. फुटली तर माणूस दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचत नाही.

मी तशीच पडवीत गेले. "सर, ताईंच्या पोटात…"

"माहीत आहे," सर म्हणाले. ते नदीकडे बघत होते. "सोनोग्राफी झाली. मुंबईचे दोन सर्जन. एक म्हणतो लगेच करा. दुसरा म्हणतो, या वयात टेबलावरच जाईल, हात लावू नका."

"ताईंना काय सांगितलंत?"

"गॅस."

पुढच्या आठवड्यात सर कामावर आले. एका दुपारी माझी पिशवी हॉलमध्ये राहिली म्हणून मी परत गेले. दाराबाहेर बूट होते. आत सर एकटेच शेवटच्या रांगेत बसले होते. समोर दिवे लागलेले, पडदे ओढलेले, सगळ्या खुर्च्या रिकाम्या, रिसीव्हर आपापल्या हुकाला टांगलेले. सर हलक्या आवाजात म्हणत होते, "एक, करावं. दोन, करू नये."

मी तबकड्यांकडे पाहिलं. पहिल्या दोन तबकड्यांचे काटे थरथरत होते. आधी एक थोडा वर यायचा, तो खाली बसला की दुसरा. हाताने काही चाचपावं तसं.

सरांना माझी चाहूल लागली. "हवा दमट आहे," ते म्हणाले. "पिशवी ना? मागून दुसऱ्या रांगेत आहे."

मी पिशवी घेतली आणि स्टेशनपर्यंत पळत गेले. का, ते सांगता येणार नाही. सरांची भीती वाटली नव्हती.

दोन दिवसांनी तास होता. सर हॉलभर फिरत बोलत होते, आवाज कधी डावीकडून यायचा, कधी मागून. "स्त्री. साठीच्या पुढे. तक्रार अशी नाही. पोटात ठोका लागतो. घरातली सगळी कामं स्वतः करते. महाधमनी फुगलेली, एवढी." अंधारात त्यांनी किती ते दाखवलं असणार, ते कोणाला दिसलं नाही. त्यांनी ऑपरेशनचे धोके सांगितले, न करण्याचे धोके सांगितले, नेहमीसारखे नीट, काही न लपवता. "दोनच पर्याय. एक, ऑपरेशन करावं. दोन, करू नये."

माझ्या तळव्याला तो ठोका आठवला. वर्गात बाकी कोणाला काही माहीत नव्हतं. मोरेश्वरलाही मी सांगितलं नव्हतं. आसपासच्या मुलांनी रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. आणि समोर ते चार पिवळे डोळे. मला एकदम कळलं, की काटा ज्या बाजूला जाईल तेच सर करणार आहेत. आणि काटा कुठे जाणार, हे आमच्यापैकी कोणाच्याही हातात नाही.

मी उभी राहिले. पाच वर्षांत त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच उभी राहत होते.

"सर," मी म्हटलं, "पेशंटला विचारलंय का?"

कोणीतरी मागे खोकलं. सरांचा आवाज आला तो अगदी माझ्या खांद्यामागून.

"नाही."

"मग आम्ही कसं सांगणार, सर?"

सर म्हणाले, "दाबा."

सगळ्या हॉलभर बटणांचे खटके वाजले. मी स्पष्ट ऐकले. काटे शून्यावर होते. चारही. एकही केसभर हलला नाही.

"पुन्हा दाबा."

पुन्हा खटके. काही नाही. सर पुढे गेले, एकेका तबकडीच्या काचेवर त्यांनी बोटाने टिचकी मारली. दिवे तर चालू होते. मग त्यांनी काळा पडदा धरला आणि ओढून बाजूला केला. उन्हाने आमचे डोळे दिपले. सर खिडकीत उभे होते. एका मोज्याला अंगठ्याशी भोक पडलेलं होतं. एवढा थकलेला माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

"बरोबर आहे," ते म्हणाले, कोणाला ते कळलं नाही, आणि तसेच बाहेर निघून गेले. बूट दारातच राहिले. संध्याकाळी मोरेश्वरने ते उचलून त्यांच्या खोलीत नेऊन ठेवले.

कँटीनमध्ये सगळे शपथेवर सांगत होते, आम्ही दाबलं. कोणी एक, कोणी दोन. त्या दिवशी मोरेश्वरनेसुद्धा दाबलं होतं. "कौल दिला नाय आज," तो म्हणाला. "आमच्याकडं असं झालं की माणसं घरी जाऊन आपसांत बोलतात."

सरांनी घरी जाऊन ताईला सांगितलं. हे मला ताईकडूनच नंतर कळलं. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. गॅस कधी नाडीच्या तालावर चालतो का?" मग विचारलं, "कापलं तर मरेन का?"

"मरशील कदाचित."

"नाही कापलं तर?"

"तरी कदाचित."

"मग कापू दे. निदान ही गॅसने गेली, असं लोकांना सांगायची वेळ तुझ्यावर यायला नको."

ऑपरेशन मुंबईला झालं. रक्त फार गेलं, दोनदा परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं. सर बाहेरच्या बाकावर बसून होते. ताई अर्धी होऊन घरी आली, पण आली. सर पुन्हा शिकवायला लागले तेव्हा पडदे उघडे होते. रिसीव्हर हुकांना तसेच टांगलेले राहिले. सर हात वर करायला सांगायचे. आमची बॅच पास होऊन बाहेर पडली.

नव्वदच्या दशकात मी त्याच कॉलेजात शिकवायला परत आले. सर निवृत्त झाले होते. मेडिसिनच्या हॉलची फरशी बदलायला काढली होती, आणि विजेचं काम करणाऱ्याने मला बोलावून फरशीखालचा वायरींचा जुडगा दाखवला. हिरवा पडलेला, हात लावला की भुगा.

"खाऱ्या हवेने गेला?" मी विचारलं.

"हवेने नंतर, मॅडम. आधी तुटलाय. ही फरशी बसवली तेव्हाच कुणीतरी सगळा जुडगा कापून वर सिमेंट ओतलंय. बघा ना, टोकं सिमेंटच्या आत आहेत. वरचे दिवे वेगळ्या लायनीवर. खुर्च्यांकडून भिंतीपर्यंत काहीच जात नव्हतं."

ती फरशी आम्ही पहिल्या वर्षाला आलो तेव्हा नवीकोरी होती. तिच्यावर घसरून मी पहिल्याच आठवड्यात पडले होते.

त्या रविवारी मी शहाडला गेले. नदीच्या बाजूला इमारती उभ्या राहिल्या होत्या, सरांचं घर त्यांच्यामध्ये चेपून बसलेलं. दार ताईने उघडलं. पाठीत वाकली होती, पण मला नावाने ओळखलं आणि खायला करायला आत गेली. सर पडवीतच होते. मी त्यांना फरशीचं सांगितलं.

"तुम्हांला माहीत होतं, सर?"

"लगेच कळलं होतं मला. नवीन फरशीनंतर पहिल्याच तासाला वायर तपासली मी. मेलेली होती. म्हटलं, आज नुसतं शिकवू, उद्या दुरुस्त करू. तरी सवयीने प्रश्न विचारला," ते म्हणाले. "आणि काटा हलला. मग मी दुरुस्त केलं नाही."

"मग ताईंच्या वेळी का हलला नाही?"

नदीच्या बाजूने, इमारतींच्या फटीतून थोडं पाणी दिसत होतं, तिकडे सर बघत होते.

"तू तोंडाने विचारलंस," ते म्हणाले. "त्या खोलीत इतक्या वर्षांत कोणी तोंडाने काही विचारलं नव्हतं. मला वाटतं, ते ऐकून ते गप्प बसलं."

ते म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. आतून ताईने हाक मारली, "काय रे, कुणाबद्दल बोलताय?"

"कुणाबद्दल नाही, ताई," सर म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता उठून आत गेले.